'पर्यंत' म्हणजे 'बाय' की 'अंटिल'? इंग्रजीतल्या चिल्लर शब्दांचा गोंधळ

चौकसबुद्धी

नमस्कार मंडळी. इंग्रजीतले काळ, कर्मणी प्रयोग वगैरे ठीक जमतं. घोडं अडतं ते चिल्लर शब्दांवर. 'पर्यंत' म्हणायचं असलं की 'बाय' लावायचं, 'अंटिल' लावायचं की 'अप टू'? 'दोन दिवसांनी' म्हणजे 'आफ्टर टू डेज' की 'इन टू डेज'? 'अजून' म्हटलं की 'स्टिल' आणि 'येट' दोन्ही हात वर करतात. शब्दकोश उघडावा तर एकेका शब्दाखाली अर्थांची रांग.

याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात. वाक्य लिहिताना कोणता शब्द घ्यायचा हे ठरवायची काही पद्धत आहे का? आणि क्रियाविशेषण वाक्यात नेमकं कुठे बसवायचं, तेही कुणीतरी सांगा.

खडूफळा

पद्धत आहे, पण आधी एक सवय मोडावी लागेल: मराठी प्रत्यय दिसला की त्याला इंग्रजी जोडीदार शोधत बसण्याची. 'पर्यंत' मराठीत एकट्याने चार कामं ओढतो, इंग्रजीत त्या चार कामांवर चार वेगळे शब्द नेमलेत. यातलं कुठलं काम चाललंय हे 'पर्यंत'कडे बघून कळत नाही, क्रियापदाकडे बघून कळतं.

क्रिया एका क्षणात उरकणारी असेल (देणं, पोहोचणं, संपवणं, परत करणं) आणि ठरलेल्या वेळेआधी केव्हाही झाली तरी चालणार असेल, तर 'बाय'. 'सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.' बुधवारी दिला तरी काम झालं. याउलट क्रिया किंवा स्थिती त्या वेळेपर्यंत सलग चालणार असेल (थांबणं, झोपणं, उघडं असणं) तर 'अंटिल'. 'द लायब्ररी इज ओपन अंटिल एट.' ताळा करायचा असेल तर वाक्यात 'तोवर सतत' घालून बघा. 'ग्रंथालय आठपर्यंत, तोवर सतत, उघडं आहे' हे बसतं. 'शुक्रवारपर्यंत, तोवर सतत, फॉर्म द्या' म्हटलं की हसू येतं, म्हणजे तिथे 'बाय'.

हा फरक बारीक नाही. 'आय विल बी देअर बाय फाइव्ह' म्हणजे पाचच्या आत पोचतो. 'आय विल बी देअर अंटिल फाइव्ह' म्हणजे पाचला निघतो. एका शब्दाने दोन माणसांची चुकामूक होते.

आता खाचखळगे. पहिला नकाराचा. 'फिनिश' क्षणात उरकणारं क्रियापद आहे, तरी 'आय वोन्ट फिनिश इट अंटिल मंडे' हे वाक्य अगदी बरोबर आहे, कारण 'संपलेलं नसणं' ही स्थिती सोमवारपर्यंत सलग टिकते. अर्थ असा, की काम सोमवारी होईल, त्याआधी नाही. 'आय वोन्ट फिनिश इट बाय मंडे' म्हटलं तर अर्थ उरतो एवढाच, की सोमवारची मुदत पाळली जाणार नाही. मग मंगळवारी होईल की महिन्याने, ते गुलदस्त्यात.

दुसरा खास आपला. मराठीत 'तो येत नाही तोपर्यंत थांब' म्हणतात आणि त्यातला 'नाही' कुणाला खटकत नाही. तोच इंग्रजीत नेला की 'वेट अंटिल ही डझन्ट कम' तयार होतं, आणि ते चूक आहे. 'अंटिल'मध्ये तो नकार आधीच मुरलेला आहे. 'वेट अंटिल ही कम्स.' भविष्यातली गोष्ट असली तरी इथे 'विल'ही नको. 'अंटिल ही विल कम' हे तितकंच चूक.

उरलेली दोन कामं सोपी आहेत. जागा असेल तर 'ॲज फार ॲज' किंवा साधं 'टू': 'वी वॉक्ड ॲज फार ॲज द स्टेशन'. संख्या किंवा मर्यादा असेल तर 'अप टू': 'अप टू फिफ्टी पीपल', 'रीड अप टू पेज ट्वेंटी'. तिथे 'अंटिल' नको, तो वेळेचा माणूस आहे.

'टिल' आणि 'अंटिल' यांत अर्थाचा फरक नाही, 'टिल' जरा बोलण्यातला. पुष्कळांना 'टिल' हे 'अंटिल'चं लघुरूप वाटतं, प्रत्यक्षात 'टिल' जुना आहे. त्याच्या शेवटी दोन 'एल' आणि 'अंटिल'च्या शेवटी एकच. स्पेलिंग चुकतं ते इथेच.

मुदत लिहिताना मात्र 'बाय फ्रायडे'वर विसंबू नका. शुक्रवार त्यात सहसा धरतात, पण सकाळ की संध्याकाळ, हे उघडं राहतं. नेमकं हवं असेल तर 'बाय फाइव्ह पी.एम. ऑन फ्रायडे', करारासारख्या मजकुरात 'ऑन ऑर बिफोर'. रजेच्या अर्जात 'अंटिल फ्रायडे' लिहिलं तर शुक्रवार रजेत आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. अमेरिकन इंग्रजीत 'थ्रू फ्रायडे' लिहिलं की शुक्रवार धरलेला असतो. इतरत्र 'अप टू अँड इन्क्लूडिंग फ्रायडे' लिहावं, लांब आहे पण वाद मिटतो.

'दोन दिवसांनी' हे आजपासून मोजत असाल तर 'इन टू डेज'. गंमत अशी की मराठी कानाला 'इन' म्हणजे 'आत' वाटतं, आणि 'आय विल कॉल यू इन टू डेज' याचा अर्थ 'दोन दिवसांच्या आत' असा लावला जातो. तसं नाही, फोन दोन दिवस सरल्यावर येणार आहे. 'आत' हवं असेल तर 'विदिन टू डेज'. क्रियापद काम पुरं करण्याचं असेल, तर मात्र 'इन' लागलेला वेळ दाखवतो: 'शी रोट इट इन टू डेज', म्हणजे लिहायला दोन दिवस लागले. 'आय विल फिनिश इट इन टू डेज' दोन्हीकडे झुकू शकतं, तिथे सरळ तारीख लिहिलेली बरी. मागच्या एखाद्या घटनेपासून पुढे मोजायचं असेल तेव्हा 'टू डेज लेटर' किंवा 'आफ्टर टू डेज'.

'दोन दिवसांपूर्वी' म्हणजे 'टू डेज अगो'. 'बिफोर टू डेज' हे शब्दाला शब्द ठेवून झालेलं आहे. 'अगो' आकड्याच्या मागून येतो, आत्तापासून मागे मोजतो आणि साधा भूतकाळ मागतो. त्याच्यासोबत 'हॅव' नको. मोजणी आत्तापासून नसून भूतकाळातल्याच दुसऱ्या क्षणापासून असेल, तर 'बिफोर' आकड्यानंतर: 'व्हेन आय कॉल्ड, शी हॅड लेफ्ट टू डेज बिफोर'.

'सिन्स' आणि 'फॉर' सगळ्यांना पाठ असतं, तरी 'सिन्स लास्ट टू इयर्स' जाता जात नाही, कारण 'गेल्या दोन वर्षांपासून' मधला 'पासून' मागे ओढतो. दोन वर्षं ही लांबी आहे, सुरुवातीचा बिंदू नाही. 'फॉर द लास्ट टू इयर्स' लिहा, आणि क्रियापद 'ॲम'वर न सोडता 'हॅव बीन'वर आणा.

तिरकस

खडूफळा, बाकी सगळं मान्य, एक पुरवणी. 'टू डेज बॅक' आणि 'सिन्स मॉर्निंग' या दोन गोष्टींना आपल्याकडे बोलताना कुणी हरकत घेत नाही, त्या भारतीय इंग्रजीत रुळलेल्या आहेत. पण बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना 'टू डेज अगो' आणि 'सिन्स धिस मॉर्निंग' करा. नुसत्या 'मॉर्निंग'ने कुठली सकाळ, असा प्रश्न त्यांना पडतो.

निळी_शाई

वेळेचं झालं, आता क्रियाविशेषणं.

'अजून' तीन ठिकाणी येतो. चालू असलेली गोष्ट थांबलेली नाही: 'स्टिल'. व्हायला हवी ती गोष्ट झालेली नाही: 'येट', बहुधा नकारात किंवा प्रश्नात. आणखी हवंय: 'मोअर' नाहीतर 'अनदर'. 'अजून पाऊस पडतोय' म्हणजे 'इट इज स्टिल रेनिंग', 'अजून आला नाही' म्हणजे 'ही हॅझन्ट कम येट', 'अजून दोन प्रती' म्हणजे 'टू मोअर कॉपीज'.

जागा: 'स्टिल' मुख्य क्रियापदाच्या आधी ('शी स्टिल वर्क्स हिअर'), पण 'इज', 'आर', 'वॉज' यांच्यानंतर ('शी इज स्टिल वर्किंग'). 'येट' सहसा शेवटी. नकारात दोघेही चालतात, मात्र सूर बदलतो आणि पत्रव्यवहारात हा सूर महत्त्वाचा. 'ही हॅझन्ट रिप्लाइड येट' ही नुसती माहिती झाली, 'उत्तर यायचंय'. 'ही स्टिल हॅझन्ट रिप्लाइड' म्हटलं की त्यात कुरकुर आली, 'अजूनही उत्तराचा पत्ता नाही!' वरिष्ठांना किंवा ग्राहकाला आठवण करून देताना पहिलं वाक्य वापरा. नकारी वाक्यात 'स्टिल' हा 'हॅझन्ट'च्या आधी बसतो हेही लक्षात ठेवा; 'हॅझन्ट स्टिल रिप्लाइड' कानाला खटकतं.

'एल-वाय' लागलेल्या जोड्यांत सगळ्यात घातकी 'हार्ड' आणि 'हार्डली'. 'शी वर्क्स हार्ड' म्हणजे ती कष्ट करते, 'शी हार्डली वर्क्स' म्हणजे ती जेमतेम काम करते. शिफारसपत्रात हा घोटाळा झाला तर उमेदवाराचं कल्याणच. 'हार्डली'च्या पोटात नकार आहे, म्हणून शेजारी दुसरा नकार नको: 'हार्डली एनी', 'हार्डली एव्हर', पण 'हार्डली नो' नाही. याच कारणाने शेपटीचा प्रश्न होकारी येतो: 'ही हार्डली स्पीक्स, डझ ही?' वाक्याच्या सुरुवातीला 'हार्डली' आला की क्रम उलटतो आणि जोडीला 'व्हेन' लागतो: 'हार्डली हॅड वी अराइव्ड व्हेन द ट्रेन लेफ्ट'. 'दॅन' लागतो तो 'नो सूनर'ला, कारण 'सूनर' तुलनेचं रूप आहे. परीक्षेत हे दोन हमखास अदलाबदल होतात.

'लेट' उशिरा, 'लेटली' हल्ली. 'निअर' जवळ, 'निअरली' जवळजवळ. 'शॉर्टली' म्हणजे थोड्याच वेळात. 'हाय', 'डीप', 'वाइड' यांच्या जोड्यांना एक अंदाज चालतो: मोजता येण्यासारखी उंची, खोली, रुंदी असेल तर बिनशेपटीचं (म्हणजे 'एल-वाय'शिवायचं), आणि भावना किंवा प्रमाण असेल तर शेपटीचं. 'द बर्ड फ्लू हाय' पण 'हायली क्वालिफाइड', 'डिग डीप' पण 'डीपली सॉरी', 'ओपन युअर माउथ वाइड' पण 'वाइडली नोन'. दहापैकी आठ वेळा हा अंदाज तारतो.

'ओन्ली'बद्दल थोडं सविस्तर, कारण आपला 'च' इथे फसवतो. मराठीत 'च' ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच लागू होतो, शंकेला जागा नाही. 'ओन्ली' तसा चिकटत नाही. 'शी रेड द रिपोर्ट यस्टरडे' हे वाक्य घ्या. 'ओन्ली शी रेड द रिपोर्ट' म्हणजे तिनेच वाचला, बाकी कुणी नाही. 'शी रेड ओन्ली द रिपोर्ट' म्हणजे अहवालच वाचला, सोबतचे कागद नाहीत. 'शी रेड द रिपोर्ट ओन्ली यस्टरडे' म्हणजे कालच. बोलताना इंग्रजी माणूस बहुतेक वेळा 'शी ओन्ली रेड द रिपोर्ट' असंच म्हणतो आणि आवाजाचा भार टाकून अर्थ दाखवतो. कागदावर आवाज नसतो, त्यामुळे लिहिताना 'ओन्ली' ज्याला लागू करायचा त्याच्या अगदी पुढ्यात ठेवा.

शिवाय 'च'ची कामं दोन आहेत: 'केवळ' आणि नुसता जोर. 'ओन्ली' फक्त पहिलं करतो. 'मी इथेच आहे' यात जोर आहे, म्हणून 'आय ॲम हिअर ओन्ली' बाहेरच्या वाचकाला विचित्र लागतं. 'आय ॲम राइट हिअर' हवं. 'त्यानेच सांगितलं' यात 'खुद्द त्याने' असा भाव असेल तर 'ही हिमसेल्फ टोल्ड मी'. 'च'च्या जागी 'केवळ' घालून बघायचं. अर्थ टिकला तर 'ओन्ली', बिघडला तर दुसरं काहीतरी.

चौकसबुद्धी

'अंटिल'मधला मुरलेला नकार आज पहिल्यांदा नीट उलगडला. तिघांचेही आभार.

आता वाक्प्रचारांकडे वळू का? 'ऑल बट', 'एनिथिंग बट', 'नथिंग बट' हे तिन्ही वाचताना दरवेळी अडखळायला होतं. 'लेट अलोन'चा क्रम कळत नाही. आणि 'पुट ऑफ'सारख्या जोडशब्दांत 'इट' मध्ये घालायचा की शेवटी?

खडूफळा

तिन्हीतला 'बट' म्हणजे 'पण' नव्हे, 'वगळून' किंवा 'सोडून'. तसं वाचलं की गाठ सुटते. 'नथिंग बट ट्रबल': त्रास सोडून काही नाही, म्हणजे निव्वळ त्रास. 'एनिथिंग बट सिंपल': सोपं सोडून काहीही म्हणा, म्हणजे मुळीच सोपं नाही. 'ऑल बट फिनिश्ड': 'संपलं' एवढं म्हणायचं सोडून बाकी सगळं झालं, म्हणजे जवळपास संपलंच. चूक होते ती 'ऑल बट'मध्ये. 'द वर्क इज ऑल बट फिनिश्ड' याचा अर्थ 'काम मुळीच संपलेलं नाही' असा लावला जातो, जो बरोब्बर उलटा आहे. मात्र 'ऑल बट टू ऑफ देम' असा आकडा आला तर अर्थ सरळ: दोघं सोडून सगळे.

'लेट अलोन'चा क्रम मराठीच्या उलट चालतो, गोंधळ त्यामुळेच. आपण अवघड गोष्ट आधी झटकतो: 'पळणं तर दूरच, त्याला चालताही येत नाही.' इंग्रजीत सोपी गोष्ट आधी आणि अवघड मागून: 'ही कान्ट वॉक, लेट अलोन रन.' मराठी क्रमाने 'ही कान्ट रन, लेट अलोन वॉक' लिहिलं तर वाक्य स्वतःच्याच पायात पाय घालतं. आधीचा भाग नकारी हवा, आणि 'लेट अलोन'नंतर आधीच्या भागाशी जुळणारं रूप: इथे 'वॉक', म्हणून 'रन', 'टू रन' किंवा 'रनिंग' नाही.

याच जातीचे दोन दगाबाज: 'द अदर डे' म्हणजे दुसऱ्या दिवशी नाही, तर 'परवा-परवा', नुकतंच कधीतरी. दुसऱ्या दिवशी म्हणजे 'द नेक्स्ट डे'. 'एव्हरी अदर डे' म्हणजे दिवसाआड. औषधाच्या सूचनेत हा चुकीचा वाचणं महागात पडेल.

निळी_शाई

'पुट ऑफ'चं मी घेते. क्रियापदामागचा छोटा शब्द क्रियाविशेषण आहे की शब्दयोगी अव्यय, यावर सगळं ठरतं. क्रियाविशेषण असेल तर तो क्रियापदाचा सोबती, कर्माच्या पुढे-मागे हलू शकतो: 'पुट ऑफ द मीटिंग', 'पुट द मीटिंग ऑफ', दोन्ही चालतात. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच हवं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' नाही. शब्दयोगी असेल तर तो कर्माला बांधलेला, हलत नाही: 'लुक आफ्टर द चाइल्ड', 'लुक आफ्टर हिम'. 'लुक हिम आफ्टर' कधीच नाही.

ओळखायचं कसं? दोन वाक्यं शेजारी ठेवा: 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिल्यात तो टेकडी चढत धावला. 'कुठे धावला?' विचारलं तर 'अप अ हिल' हे अखंड उत्तर मिळतं, म्हणजे 'अप' टेकडीचा. दुसऱ्यात त्याने उधारी वाढवली. 'कुठे?'ला उत्तरच नाही, 'अप' क्रियापदाचा. म्हणून 'ही रॅन इट अप' हे फक्त बिलाबद्दल म्हणता येतं. कानालाही फरक लागतो: वाक्य 'पुट इट ऑफ' असं संपलं की 'ऑफ'वर जोर येतो, 'लुक ॲट इट'मध्ये मुख्य जोर 'लुक'वर.

तीन तुकड्यांचे जोड ('पुट अप विथ', 'लुक फॉरवर्ड टू') फोडायचे नाहीत. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून पुढे 'आय-एन-जी' रूप: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'टू मीट यू' दिसलं की ओळखायचं, पत्र घाईत गेलंय.

तिरकस

वाक्प्रचार समजणं आणि वापरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' समजला पाहिजे, पण आज तो पाठ्यपुस्तकी वाटतो. बोलताना 'इट इज पोअरिंग' पुरे. शब्दही बदलायचे नाहीत. 'किक द बकेट'मध्ये (म्हणजे मरणं) बादली अनेकवचनी करून बघा किंवा कर्मणी प्रयोग करून बघा, मेलेला माणूस उठतो आणि खरोखरच बादलीला लाथ बसते. वापरण्याजोगे ते बिनचेहऱ्याचे: 'सूनर ऑर लेटर' (आज ना उद्या), 'फॉर द टाइम बीइंग' (तूर्तास), 'बाय अँड लार्ज' (एकंदरीत). हा शेवटचा शिडाच्या जहाजांवरून आला, 'बाय' म्हणजे वाऱ्याला तोंड देत आणि 'लार्ज' म्हणजे वारा पाठीशी घेत. म्हणून एकेका शब्दाचा आजचा अर्थ लावून तो उलगडत नाही.

आणखी एक, कारण कुणी काढलं नाही: काही क्रियापदांना मागे जादा शब्द नको. 'डिस्कस अबाउट', 'रीच टू', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ' ही सगळी चूक. 'बद्दल चर्चा', 'ला पोचणं' या मराठी सवयी आहेत. 'डिस्कस द प्लॅन', 'रीच द स्टेशन', 'कोप विथ'. 'डिस्कशन' हे नाम असेल तेव्हा मात्र 'अबाउट' चालतो.

चौकसबुद्धी

शेवटचं एक. 'शाउट टू' आणि 'शाउट ॲट' यांत फरक आहे की दोन्ही सारखेच?

खडूफळा

आहे. 'टू' म्हणजे त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून, 'ॲट' म्हणजे त्याला लक्ष्य करून. 'शी शाउटेड टू मी' म्हणजे लांबून ऐकू यावं म्हणून हाक मारली, 'शी शाउटेड ॲट मी' म्हणजे अंगावर ओरडली. 'थ्रो'चंही तसंच: 'थ्रो द बॉल टू हिम' झेलायला, 'थ्रो द बॉल ॲट हिम' मारायला. 'स्माइल ॲट'मध्ये मात्र हल्ला नाही, नजर फक्त त्याच्याकडे वळलेली आहे.